तडा गेलेली टाकी: खानदेशातला हिशेब

माशांच्या टाकीला तडा गेला की सल्ल्यांना तोटा नसतो. दुकानदार म्हणतो, नवी घ्या. शेजारी म्हणतो, एम-सील लावून टाका. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, फुटकी काच घरात ठेवूच नये. या विषयावरचे बहुतेक परदेशी मार्गदर्शक दुकानदाराच्या बाजूचे आहेत, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच आहेत. तिकडे टाकी कारखान्यातून तयार येते आणि एक काच बदलायला कारागीर बोलवायचा, तर त्याच्या मजुरीत नवी टाकी येते. जळगाव-धुळ्यात हे गणित उलटं पडतं. इथल्या घरांतल्या पुष्कळ टाक्या गावातच बनलेल्या असतात. खिडक्या, फोटोफ्रेम आणि दुकानांच्या शोकेस बसवणारा काचवाला हिरकणीनं पाच काचा कापतो, कडा घासतो आणि सिलिकॉननं जोडून देतो. जे त्यानं जोडलं ते त्याला उघडताही येतं. म्हणून ‘फेकून द्या’ हा सल्ला इथं उधळपट्टीचा ठरतो. ‘काहीतरी चोपडून चालवा’ हा मात्र धोक्याचा. या दोहोंमध्ये नेमकं काय करता येतं, ते इथं पाहू.

आधी बिघाड ओळखला पाहिजे, कारण ओरखडा, टवका, तडा आणि गळती या चारही गोष्टींना लोक सरसकट ‘काच गेली’ म्हणतात. ओरखडा पृष्ठभागावर असतो. नख फिरवलं तर जेमतेम अडखळतं, आणि टॉर्चचा उजेड तिरपा टाकला तरी आत काही चमकत नाही. टवका म्हणजे काचेचा तुकडा उडून पडलेला खळगा, बहुधा कडेला किंवा कोपऱ्यात, शिंपल्यासारखा गोलसर. तडा काचेच्या जाडीत शिरलेला असतो. बाजूनं टॉर्च धरला की आत चंदेरी पापुद्रा उभा असल्यासारखा झळकतो, आणि टॉर्च हलवला की तो दिसेनासा होऊन पुन्हा दिसतो. गळतीत काच शाबूत असते, सांधा सुटलेला असतो. आमच्याकडे ‘भाऊ, पानी झिरपी राह्यनं’ अशी तक्रार येते तेव्हा निम्म्या वेळा हेच असतं. बोअरच्या जड पाण्याच्या गावांत आणखी एक घोटाळा होतो. पाण्याच्या रेषेवर क्षारांचा पांढरा पट्टा बसतो आणि त्याखाली बारीक तडा झाकला जातो. लिंबू किंवा व्हिनेगर लावलेल्या फडक्यानं पट्टा काढल्याशिवाय निदान करू नये. संडास धुण्याचं ॲसिड मात्र टाकीच्या आसपासही नको.

तडा आहे असं नक्की झालं, तर दुरुस्तीच्या आधी पाणी काढायचं. यामागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, पंधरा इंच उंच ही घरोघरी दिसणारी टाकी घेऊ. तिच्यात ३६ सेंटिमीटर पाणी भरलं, तर साधारण ६५ लिटर होतं. त्या पाण्याचा पुढच्या काचेवरचा जोर सुमारे ३९ किलो वजनाइतका असतो. हा जोर पाण्याच्या उंचीच्या वर्गानं वाढतो. म्हणजे पाणी निम्मं केलं की जोर निम्मा न होता पावपट होतो, दहा किलोच्याही आत येतो. म्हणून रात्री दोन वाजता तडा दिसला, तर टेप शोधत बसू नका, नळी लावा. त्याआधी हीटर आणि मोटरची पिन काढा. पाण्याबाहेर उघडा पडलेला तापता हीटर स्वतःच तडकतो, आणि ओल्या जमिनीवर लोंबणारं एक्स्टेंशन बोर्ड हा फुटक्या काचेपेक्षा मोठा धोका आहे. बाहेरून पॅकिंग टेप मारायला हरकत नाही, पण तिचा उपयोग एवढाच की काच निसटलीच तर तुकडे अंगावर येत नाहीत.

टाकीची पुढून मागे रुंदी किती आहे, याचा पुढच्या काचेवरच्या जोराशी काही संबंध नाही. एक फूट रुंदीची असो की दोन फूट, उंची आणि लांबी तीच असेल तर जोर तेवढाच. ‘आमची टाकी लहान आहे, काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनी लिटर मोजू नयेत, उंची मोजावी.

आता मूळ प्रश्न. तडा चिकटवता येतो का?

ब्रिटनमधल्या फार्नबरो इथं विमानांवर संशोधन करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२० साली काचेच्या मोडण्याचा सिद्धांत मांडला. काच तिच्या अणूंच्या बंधांवरून जितकी मजबूत असायला हवी त्याच्या कितीतरी पट कमी ताणाला मोडते, याचं कारण तिच्यातल्या बारीक चिरा. ताण सगळ्या काचेवर सारखा वाटला जात नाही, तो चिरेच्या टोकाशी गोळा होतो. कापड जिथं आधी फाटलंय तिथूनच पुढं फाटत जातं, तसंच हे. पुढे अमेरिकेत शेल्डन वीडरहॉर्न यांनी १९६७ साली साध्या काचेवर मोजमापं करून दाखवलं की हवेतली आर्द्रतासुद्धा तडा वाढण्याचा वेग बदलते. पाण्याचे रेणू तड्याच्या टोकाशी सिलिकॉन-ऑक्सिजनचे ताणलेले बंध तोडत जातात. माशांच्या टाकीत तर पाणी चोवीस तास हजर आणि ताणही चोवीस तास हजर. ‘काल रात्रीपर्यंत काही नव्हतं हो, सकाळी हॉलभर पाणी’ या वाक्याचा उलगडा इथं होतो. तडा थांबल्यासारखा दिसतो तेव्हाही सरकत असू शकतो. पाहायचंच असेल तर काचेच्या कोरड्या बाजूला तड्याच्या दोन्ही टोकांशी मार्करनं बारीक आडवी रेघ मारून तारीख घालावी. पण ही पाहणी पाणी उतरवलेल्या टाकीची, भरलेल्या टाकीची नव्हे.

या कसोटीवर घरगुती उपाय लावून पाहू. फेव्हिक्विक तड्यात ओढला जातो, दिसायलाही बरं दिसतं, पण वाळला की ठिसूळ होतो आणि सतत पाण्यात राहिला की सुटतो. एम-सील बादलीला आणि पाइपला चांगलं. काचेवर त्याचा गोळा बसतो, काचेबरोबर लवत नाही आणि काढताना आणखी टवका घेऊन निघतो. तड्यावरून ओढलेली सिलिकॉनची रेघ पाणी अडवते, पण दोन तुकड्यांना एका काचेचं बळ देत नाही. सिलिकॉन रबरासारखं आहे, तेच त्याचं मोठेपण आणि तीच त्याची मर्यादा. गाडीच्या पुढच्या काचेचा टवका भरणारं रेझिन आता सगळीकडे मिळतं आणि उन्हानं घट्ट होतं. उन्हाची आपल्याकडे काय कमी! पण गाडीची ती काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा दाबून केलेली असते. रेझिननं काम अर्धवट केलं तरी पडदा सगळं धरून ठेवतो. टाकीची काच एकेरी आहे, मागं पडदा नाही. उथळ टवका भरून त्याच्या धारदार कडा बुजवायला रेझिन ठीक, आरपार तड्याला नाही. तड्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवायची युक्ती धातूत आणि ॲक्रिलिकमध्ये चालते. घरच्या टाकीवर ड्रिल घेऊन ती करू पाहणारा बहुधा दुसरा तडा कमावतो.

माझा निवाडा सरळ आहे. उभ्या काचेतला तडा दुरुस्त होत नाही, काच बदलावी लागते. टवक्याचं तसं नाही. तिथं जागा पाहून ठरतं.

वरच्या कोपऱ्यातला तांदळाच्या दाण्याएवढा टवका, सांध्यापासून दूर, त्यातून पुढे रेघ निघालेली नाही: यावर पाणीकागद पाण्यात भिजवून हलक्या हातानं फिरवावा, धार मोडावी आणि विसरून जावं. पण बिनचौकटीच्या टाकीत वरच्या कडेच्या बरोबर मध्यावर टवका असेल, तर तो तितका निरुपद्रवी नाही. तिथं पाण्याचा दाब जवळजवळ शून्य असतो हे खरं, पण तीच कड कशालाही बांधलेली नसते. टाकी भरली की ती बाहेरच्या बाजूला झुकते आणि ताण तिच्यात येतो. वर आडवी काचेची पट्टी असेल तर हे झुकणं खूप कमी होतं, म्हणून अशा टाकीला मध्यावर पट्टी बसवून घेणं हा चांगला इलाज आहे. सर्वांत वाईट टवका सांध्यात शिरणारा. दोन काचा जिथं एकमेकींना टेकतात तिथं पाच-सहा मिलिमीटर रुंदीच्या सिलिकॉनवर सगळी मदार असते. टवक्यानं त्यातलं निम्मं खाल्लं, तर वरून कितीही चोपडा, मूळ जोड अरुंदच राहतो. काचेची जाडी काढणारे हौशी हिशेबनीस ३.८ पट सुरक्षिततेचा गुणक धरतात, तो ताणाला धरून. त्यात बारीकसारीक दोषांची सोय असते. टवका या सोयीतूनच खर्च करत असतो, आणि पाचऐवजी चार एमएमची काच घालून पैसे वाचवलेल्या टाकीत ती सोय मुळातच तोकडी असते.

तळाच्या काचेची गोष्ट वेगळी, आणि खानदेशात ती जास्त वेळा घडते. तळकाच पाण्याच्या दाबानं सहसा मोडत नाही, ती खालच्या खड्यानं मोडते. टेबलावर राहिलेला रेतीचा एक दाणा, स्टँडच्या पायाखालची उचललेली फरशी, थर्माकोल न घालता ठेवलेली टाकी, यातलं एक पुरतं. तापीच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरच्या जुन्या घरांची जमीन वर्षागणिक हलते. म्हणून गणपतीच्या सुमारास आणि होळीच्या सुमारास पाण्याची रेषा काचेच्या वरच्या कडेपासून दोन्ही टोकांना पट्टीनं मोजून पाहावी. पातळी तपासायला याहून स्वस्त साधन नाही. तळकाच तडकलीच, तर तिच्यावर आतून, चारी बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर लहान अशी नवी काच सिलिकॉनच्या थरावर दाबून बसवता येते. खाली सपाट आधार असल्यानं ही दुरुस्ती टिकते. ‘वरून काच मारणं’ याला मी इथंच मान्यता देईन.

उभ्या काचेवर हाच प्रयोग करायचाच झाला, तर पट्टी आतून आणि तळापासून वरपर्यंत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हवी. आतून लावलेली काच पाणीच दाबून धरतं. बाहेरून लावलेलं ठिगळ पाणी ढकलून काढतं. हे कळूनही लोक बाहेरून लावतात, कारण टाकी रिकामी करायचा कंटाळा. पण एवढी मोठी काच आतून मारायची तर आख्खी काच बदलण्याला लागतात तितकेच कष्ट पडतात, मग बदलूनच का टाकू नये?

काच बदलण्याचं काम असं चालतं. टाकी कोरडी करून आडवी ठेवतात. आतल्या कोपऱ्यांतलं सिलिकॉन ब्लेडनं काढतात. मग दोन काचांमधल्या सांध्यात तंगूस किंवा बारीक तार घालून दोन माणसं करवतीसारखी ओढतात. काच सुटते. शेजारच्या काचांवर चिकटून राहिलेलं जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडणं हेच खरं कष्टाचं काम. नवं सिलिकॉन वाळलेल्या जुन्या सिलिकॉनला नीट धरत नाही, आणि दुरुस्त केलेली टाकी महिन्याभरात गळते तेव्हा बहुतेक वेळा इथंच कसर राहिलेली असते. शेवटी ॲसिटोननं पुसतात. नेलपॉलिश काढायचं द्रावण वापरू नये, त्यात तेल असतं. मास्किंग टेप लावून, सिलिकॉनची अखंड धार सोडून नवी काच टेकवतात. पूर्ण दाबून सगळं सिलिकॉन बाहेर काढायचं नाही, सांध्यात जेमतेम मिलिमीटरभर थर राहू द्यायचा. बोटानं कोपरा ओढून लगेच टेप काढतात. पाच-दहा मिनिटांत वर साय धरते, तिला नंतर हात लावला की सगळं ओरबाडलं जातं. नव्या काचेच्या चारही कडा काचवाल्याकडून घासून घ्याव्यात. कापलेल्या कच्च्या कडेत बारीक कपच्या असतात, आणि पुढचा तडा तिथूनच निघतो.

सांधा नुसता गळत असेल आणि काचा शाबूत असतील, तर काच सोडवायची गरज नाही. आतली सगळी धार काढून सगळीच नव्यानं भरायची. गळका कोपरा तेवढा भरला, तर नवं आणि जुनं जिथं मिळतं तिथून पुन्हा झिरपतं.

सिलिकॉन कोणतं, यावर काचवाल्याशी थोडा वाद घालावा लागेल. त्याच्या गनमध्ये बहुधा अ‍ॅल्युमिनियम सेक्शनच्या खिडक्यांचं सिलिकॉन भरलेलं असतं. बाथरूम-किचनसाठी विकलं जाणारं, बुरशी धरू नये म्हणून औषध घातलेलं सिलिकॉन माशांना घातक ठरू शकतं. नळीवर टाकीसाठी चालेल असं छापलेलं असावं, आणि बुरशीरोधक असं काही छापलेलं नसावं. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन काचेला उत्तम धरतं. तो वास वाळताना सुटणाऱ्या ॲसिटिक ॲसिडचा असतो आणि पुरतं वाळल्यावर तो राहत नाही. तोवर खोलीची खिडकी उघडी आणि मासे दुसऱ्या खोलीत.

आता खानदेशाचा खास मुद्दा. सिलिकॉन ‘वाळतं’ असं आपण म्हणतो, पण ते पाणी उडून जाऊन वाळत नाही. हवेतली आर्द्रता शोषून ते घट्ट होतं, बाहेरून आत, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर. हा आकडा बेताच्या उकाड्याचा आणि बेताच्या दमट हवेचा आहे. मे महिन्यात जळगावात पारा ४५ च्या आसपास असतो आणि दुपारची हवा भट्टीसारखी कोरडी. लोकांना वाटतं, एवढं ऊन आहे, चार तासांत खडखडीत होईल. वरची साय घट्ट होते आणि आतला गाभा मऊच राहतो. मुंबईत पावसाळ्यात जी टाकी दोन दिवसांत तयार होते तिला इथं मे महिन्यात जास्त दिवस द्यावे लागतात. त्यावर उपायही इथलाच आहे: टाकी कूलर चालू असलेल्या घरात ठेवावी. तुषार अंगावर येतील अशी समोरासमोर नको, पण त्याच हवेत. कूलर नसेल तर खोलीत ओली चादर टांगावी. टाकी गच्चीत उन्हात ठेवणं सर्वांत वाईट. काच हाताला चटका देण्याइतकी तापते आणि वावटळीतली धूळ सांध्यात बसते. मला विचाराल तर हे काम आषाढ-श्रावणात काढावं. घाई असेल तर निदान आठवडाभर टाकी कोरडी राहू द्यावी.

मग चाचणी. घरात नव्हे, ओट्यावर किंवा अंगणात, सपाट फळीवर. खाली वर्तमानपत्र पसरावं, म्हणजे थेंबभर पाणीही कागदावर डाग होऊन दिसतं. आज पाव टाकी, उद्या निम्मी, परवा पूर्ण, आणि पूर्ण भरल्यावर दोन दिवस तशीच.

या दिवसांत मासे कुठं ठेवायचे? प्लास्टिकच्या टबात, टाकीच्याच जुन्या पाण्यात, हवेची मोटर लावून. फिल्टरचा स्पंज धुवायचा नाही आणि वाळू द्यायचा नाही. त्यावरचे उपयोगी जिवाणू मेले की दुरुस्त टाकीत मासे अमोनियानं मरतात, आणि दोष बिचाऱ्या सिलिकॉनला जातो. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तीस अंशाला साडेसातच्या आसपास आणि पस्तिसाला जेमतेम सात. म्हणून उन्हाळ्यात टब घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावा आणि वीज जाईल हे धरून चालावं. गप्पी तग धरतील, गोल्डफिशचं सांगता येत नाही.

इथला उन्हाळा काचेवर आणखी एका वाटेनं येतो. पाणी तापलं म्हणून लोक टाकीत बर्फाची बाटली सोडतात. साधी काच साधारण ४० अंशांचा फरक एकाएकी सोसू शकते, पण हा आकडा धडधाकट कडेच्या काचेचा आहे. टवका असलेल्या काचेला टेकून गोठलेली बाटली तरंगत राहिली, तर तड्याला सुरुवात मिळते. बाटली मध्यभागी दोरीनं टांगावी. हिवाळ्यात हेच उलट. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा जानेवारीत पाच-सहा अंशांवर उतरल्याच्या बातम्या दर एक-दोन वर्षांनी येतातच. तेव्हा हीटर लागतात आणि काचेला चिकटवून लावले जातात. बोटभर अंतर सोडावं.

मोठ्या टाक्यांचं जग वेगळं आहे. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचं २०१५ मध्ये नूतनीकरण झालं तेव्हा तिथं ॲक्रिलिकचा बोगदा आला. ॲक्रिलिक जोडण्याची रीतच निराळी. तरी तिथंही खात्री नसते. बर्लिनमधल्या हॉटेलातली दहा लाख लिटरची ‘ॲक्वाडोम’ ही ॲक्रिलिकची टाकी १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे फुटली आणि सुमारे पंधराशे माशांपैकी बहुतेक मेले. तज्ज्ञांनी तुकडे तपासले. चिकटवलेला सांधा सुटला की नूतनीकरणात पडलेली खोच नडली, याचा ठाम निकाल त्यांनाही देता आला नाही. अशा ठिकाणी हे होत असेल, तर घरच्या तड्यावर ‘आता काही होत नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्याचं किती मनावर घ्यायचं, ते ठरवा.

दोन प्रकारच्या टाक्यांना वरचं काहीच लागू नाही. पुढची आणि बाजूंची काच एकच, कोपरे गोल वळवलेले अशा तयार टाक्या बाजारात आहेत. त्यांची काच गावात मिळत नाही, वळवूनही मिळत नाही. तिथं तडा म्हणजे टाकी संपली. दुसरी टफन्ड काचेची. तिला तडा जाऊन थांबत नाही, ती एका क्षणात खड्यांचा ढीग होते, आणि तिला कापता किंवा भोकही पाडता येत नाही. ओळखायचं तर काचेमागं लॅपटॉपचा पांढरा पडदा लावून पुढून पोलराइज्ड गॉगलनं पाहावं. गडद किंवा इंद्रधनुषी पट्टे दिसले तर टफन्ड.

आणि एक विनंती. दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली टाकी आपल्याकडे फेकली जात नाही, भाच्याला दिली जाते. द्यायला हरकत नाही, निवडुंग लावायला ती छान आहे. फक्त देताना तडा दाखवून द्या आणि काचेवर मार्करनं ठळक लिहा: ‘पाणी भरू नये.’